गणपति-रंगमहालांतील ६ ऑगस्ट १७९० चा दरबार : एका चित्राची साक्ष

पुण्याच्या शनिवारवाड्यांतील गणपति-रंगमहालाविषयीं लिहितांना आपले लेखक बहुधा एका तैलचित्राचा आधार घेतात. इंग्रज वकील चार्लस मॅलेट हा सवाई माधवराव पेशव्यांस भर दरबारांत तहनामा सादर करीत आहे, असा त्या चित्राचा विषय. प्रसंग ६ ऑगस्ट १७९० (शके १७१२) चा. चित्र थॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं पुरें केलें; तें सांप्रत लंडन येथील टेट संग्रहालयांत आहे. या चित्राची साक्ष कोठवर ग्राह्य धरावी, याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रश्न केवळ चित्रकलेचा नाहीं. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति झाली. रंगमहाल नानासाहेबांनीं १७५५ च्या सुमारास बांधविला. पुढें २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत आंतील लांकडी इमारती भस्मसात् झाल्या. आज दिल्ली दरवाज्यानें आंत जाणारास जोतीं, हौद व हजारी कारंजें एवढेंच दृष्टीस पडतें. मूळ वास्तु नाहींशी झाल्यावर तिच्याविषयीं बोलणारा असा साक्षीदार मोलाचा खरा. पण म्हणूनच त्याची उलटतपासणीहि अवश्य आहे.

पहिला आक्षेप मोठा आहे. दरबार झाला तेव्हां चित्रकार तेथें नव्हताच. डॅनियल १७९० सालीं उत्तर हिंदुस्थानांत फिरत होता. ज्याच्या रेखाटनांवरून त्यानें काम केलें तो जेम्स वेल्स पुण्यास आला तोच मुळीं १७९२ सालीं. वेल्स १७९५ च्या नोव्हेंबरांत वारला. त्याचीं रेखाटनें मॅलेटकडे राहिलीं व मॅलेटनें विलायतेंत डॅनियलकडून त्यांवरून हें चित्र करविलें. म्हणजे दरबार आणि चित्र यांत पंधरा वर्षांचें अंतर असून मधल्या सर्व दुव्यांवर मॅलेटचा हात आहे.

तथापि एवढ्यावरून चित्र त्याज्य ठरत नाहीं. त्याचे तीन भाग पाडले पाहिजेत. पहिला भाग वास्तूचा. सुरूच्या आकाराचे खांब, महिरपी आणि गणपतीची मूर्ति हा देखावा वेल्सला पुण्याच्या मुक्कामांत पाहतां आला होता, आणि वास्तु १७९० नंतर दोन-चार वर्षांत पालटल्याचें मानण्यास कारण नाहीं. दुसरा भाग व्यक्तींचा. पेशवे व नाना फडणीस यांचीं चित्रें वेल्सनें पुण्यांत काढलीं. तेव्हां मुद्रा विश्वसनीय, पण वय दोन-चार वर्षांनीं पुढचें. प्रसंगीं पेशवे अवघे सोळा वर्षांचे होते, हें पाहणारानें विसरूं नये. तिसरा भाग बैठकीचा : कोण कोणाशेजारीं होतें आणि मध्यभागीं कोण होतें. येथें चित्राची साक्ष सर्वांत दुबळी. ती स्वतः मॅलेटच्या आठवणीची, किंबहुना मॅलेटच्या इच्छेची साक्ष आहे.

एक गोष्ट मात्र त्या इच्छेविरुद्ध जाणारी असल्यानें खरी मानावी. चित्रांत इंग्रज मंडळी खुर्च्यांवर नाहींत. यजमानाच्या रिवाजाप्रमाणें बिछायतीवर बसलेलीं आहेत. आपला गौरव वाढविण्यासाठीं काढविलेल्या चित्रांतहि पाहुण्यास हें लपवितां आलें नाहीं, यावरून त्या काळीं पुणें दरबारचा दाब केवढा होता तें कळतें.

दरबारचें कारणहि तसेंच होतें. टिपूविरुद्ध कंपनी, पेशवे व निजाम यांच्या एकजुटीचा तह पुण्यास १ जून १७९० रोजीं ठरला. गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसची मान्यता आल्यावर तो पेशव्यांच्या हातीं देण्याचा हा समारंभ. जिंकलेल्या मुलखाची वांटणी सारखी व्हावी, असें कलम होतें. इंग्रजांस पेशव्यांच्या घोडदळाची गरज होती. पुणेंकरांस हैदर-टिपूंनीं बळकाविलेला कृष्णेपलीकडील मुलूख परत हवा होता. दोघेहि गरजू होते. पण भेटीस येणारा इंग्रज होता आणि दार उघडणारे पेशवे होते.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १७९५ मध्यें याच वाड्यांत वरून पडून सवाई माधवरावांचा अंत झाला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजीं वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. दरबारास तेव्हां सत्तावीस वर्षें झालीं होतीं. हा शेवट ठाऊक असल्यामुळें चित्र पाहतांना त्यांत पारतंत्र्याची चाहूल शोधण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. १७९० च्या त्या दिवशीं महालांत बसलेल्या कोणासहि तो शेवट दिसत नव्हता. चित्रानें वास्तु दाखवावी, चेहरे दाखवावे. प्रसंगाचा अर्थ मात्र तहाच्या कलमांतून व दफ्तरांतील पत्रांतूनच काढावा, हेंच संशोधकास उचित होय.