स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी

एखाद्या शहराचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर ग्रंथालयात जावं, असं विद्वान लोक सांगतात. माझं मत निराळं आहे. हातात एक पत्ता घ्यावा आणि बेंगळुरात भर दुपारी तो शोधत फिरावं. तासाभरात इतिहास अंगात भिनतो. शिवाय व्यायाम होतो, जो ग्रंथालयात होत नाही.

पुण्यात पत्ता म्हणजे कथा असते. पत्र्या मारुतीच्या पुढे, खुन्या मुरलीधराच्या अलीकडे, तिथे कुणालाही विचारा. बेंगळुरात देव पत्त्यात येत नाहीत, आकडे येतात. तिसरा मेन, अकरावा क्रॉस, दुसरा ब्लॉक. मेन उभे, क्रॉस आडवे. म्हणजे शाळेत सोडून पळालेला आलेखाचा कागद उतारवयात पुन्हा पायाखाली अंथरलेला. अकराव्यानंतर बारावा क्रॉस येतो हेही खरं, पण बाराव्यानंतर कधी ‘बारावा ए’ येतो, आणि पुढच्या वसाहतीत आकडे पुन्हा एकपासून सुरू होतात. रिक्षावाला विचारतो, “कोणता तिसरा मेन?” या प्रश्नाला उत्तर नाही. तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

या गणितामागे उंदीर आहे. १८९८ साली बेंगळुरात प्लेग आला. जुनी पेट, म्हणजे पेठ, अगदी दाटीची. माणसं पटापट मरू लागली, उरलेली पळू लागली. तेव्हा म्हैसूर सरकारनं पेठेबाहेर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या नव्या वसाहती आखल्या. सरळ रुंद रस्ते, घराघरांत हवा, आणि मागच्या अंगाला सफाईसाठी अरुंद बोळ. ते बोळ आजही दिसतात. ज्या रोगानं माणसांना घराबाहेर काढलं त्यालाही इथल्या लोकांनी टाकलं नाही. ‘प्लेगम्मा’ म्हणून त्याची देवी केली, तिची देवळं बांधली. रोग गेला, देवी राहिली. भाडेकरूला एकदा घरात घेतलं की काढणं किती कठीण, याचा हा जुना दाखला.

गावाच्या नावाची कथा तर आणखी चविष्ट. वीर बल्लाळ नावाचा होयसळ राजा शिकारीत वाट चुकला, भुकेला झाला, एका म्हातारीनं त्याला उकडलेले दाणे खायला दिले. ‘बेंद काळु’ म्हणजे उकडलेले दाणे, म्हणून ‘बेंदकाळूरु’, त्याचं बेंगळुरु. कथा छान आहे. अडचण एवढीच, की शहराच्या दक्षिणेला बेगूरला नवव्या शतकातला एक वीरगळ आहे आणि त्यावर ‘बेंगळूरु’च्या लढाईचा उल्लेख आहे. म्हणजे राजाला भूक लागायच्या कितीतरी आधी गावाचं बारसं झालं होतं. पण वीरगळ वाचायला जातो कोण? म्हातारी घराघरांत पोचली.

या शहराचं कडधान्याशी काही पूर्वजन्मीचं नातं असावं. बसवनगुडीत दोड्ड बसव, म्हणजे भलामोठा दगडी नंदी आहे. एक बैल रोज शेतकऱ्यांच्या भुईमुगाची नासधूस करायचा, त्याला शांत करण्यासाठी हे देऊळ उभारलं, असं सांगतात. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे ‘कडलेकायी परिषे’ भरते. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी शेंगांचे ढीग घेऊन येतात आणि सगळा रस्ता टरफलांनी भरून जातो. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, हे मी आमच्या घरमालकांना सांगितलं. ते शांतपणे शेंग फोडत म्हणाले, “असेल सार. पण बैल इथलाच होता.”

हे घरमालक म्हणजे माझं चालतं-बोलतं ग्रंथालय. बँकेच्या नोकरीत सात वर्षं सोलापूरला काढल्यामुळे मराठी उत्तम बोलतात. शिव्याही सोलापूरच्या, पण त्यांच्यामागेसुद्धा ‘सार’ लावून देतात. गावात नव्यानं आलेल्या मराठी माणसाची छाती शहाजीराजांच्या नावानं फुगते, तशी माझीही फुगली होती. १६३८ मध्ये आदिलशाहीच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे आले, हे गाव घेतलं, तिसरा केंपेगौडा मागडीला गेला आणि बेंगळूर राजांची जहागीर झालं. शिवाजीमहाराज लहानपणी इथे येऊन राहून गेले. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वराच्या देवळाशी व्यंकोजीराजांचं नाव जोडलेलं आहे. एवढं सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग विकलं किती रुपयाला, ते नाही सांगितलंत?”

तीन लाखांना. व्यंकोजीराजे तंजावरला जाऊन बसले होते. एवढ्या लांबून बेंगळूर सांभाळणं परवडेना, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी विक्रीची बोलणी चालू होती. तेवढ्यात १६८७ मध्ये औरंगजेबाचा सरदार कासीमखान आला, त्यानं गाव ताब्यात घेतलं आणि चिक्कदेवराजांना देऊन टाकलं. गिऱ्हाईक तेच, भाव तोच, पैसे मात्र भलत्याच्या खिशात. दलालीच्या धंद्यातला हा प्रकार तेव्हापासून या शहरात रुजला असावा. “तीन लाख!” घरमालक म्हणाले. “आज एवढ्यात दोन खोल्यांचा अ‍ॅडव्हान्स होतो, सार.” आठ-दहा महिन्यांचं भाडं अनामत म्हणून आधीच मोजून घेण्याची इथली रीत आहे. ती रक्कम नुकतीच त्यांच्या हातावर ठेवलेली असल्यामुळे मला या विषयावर फार बोलवेना.

तरी पन्नासाला एक कमी अशी ती वर्षं वाया गेली नाहीत. शहाजीराजांच्या इथल्या दरबारावर जयराम पिंड्ये या कवीनं ‘राधामाधवविलासचंपू’ लिहिला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो छापला, तेव्हा त्या दरबाराचं चित्र आपल्याला दिसलं. जयरामाला म्हणे बारा भाषा येत होत्या. पूर्वी मला ही कवीची बढाई वाटली असती. आता वाटत नाही. आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला माझ्याशी हिंदीत, घरमालकांशी कन्नडमध्ये, बायकोशी तमिळमध्ये आणि फोनवर तेलुगूत बोलतो, तेही एकच शर्ट इस्त्री होईपर्यंत. यालाही इतिहास आहे. १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या हवेला कंटाळून इंग्रजांनी आपली फौज इथे आणली आणि पेठेपासून दूर छावणी वसवली. फौजेमागून तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं आली. पेठ आणि छावणी ही दोन गावं शेजारी-शेजारी, मध्ये कब्बन पार्क. नगरपालिका एक व्हायला १९४९ साल उजाडलं.

भाषा मी बाजारात शिकतो आहे. तूप मागायला ‘तुप्प’ म्हणालं की मिळतं. तो शब्द आपल्याकडे इथूनच आला, तसेच आपले अण्णा आणि अक्काही. ताईचा मात्र घोटाळा आहे. कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई, त्यामुळे माझ्याहून वीस वर्षांनी लहान भाजीवाली मला कोथिंबीर जरा जास्तच मायेनं घालते. गजरा इथे मोळाच्या मापानं मिळतो. मोळ म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात, आणि हात विकणारीचा. आमची सौभाग्यवती सगळ्या फूलवाल्यांवरून एक नजर टाकते आणि सर्वांत उंच बाईकडे जाते.

पण सगळ्या कन्नडचा अर्क एका वाक्यात आहे: ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी’. जरा सांभाळून घ्या. बसमध्ये तिघांच्या बाकावर चौथा टेकताना हेच म्हणतो, सुतार तीन दिवस उशिरा येऊन हेच म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा एमटीआरवाल्यांनी रव्याची इडली करून पाहिली, असं ते सांगतात. ती इडली म्हणजे हेच वाक्य वाफवलेलं.

२०२४ च्या उन्हाळ्यात मात्र या वाक्याची परीक्षा झाली. शहरात पाणी आटलं. विंधनविहिरी कोरड्या पडल्या, टँकरची वाट बघत लोक गॅलरीत उभे राहू लागले. बेंगळूरला नदी नाही. केंपेगौडानं १५३७ मध्ये गाव वसवलं आणि नदीची उणीव तळ्यांनी भरून काढली. पुढच्यांनीही तळी बांधली. आपण त्यांचं काय केलं ते पत्त्यात वाचता येतं. मॅजेस्टिकचं बस स्थानक आहे ते धर्मांबुधि तळ्यात. कंठीरव स्टेडियम संपंगी तळ्यात. १९९७ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी खेळाडूंची घरं बांधली ती कोरमंगल तळ्यात. आणि १९७४ पासून कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर वर चढवून आणतो आहोत. आपल्या पायरीशी असलेलं पाणी बुजवून डोंगर चढवून दुसरं आणायचं, हा हिशेब बँकेतल्या घरमालकांनाही मांडता येईना.

त्या दिवसांत घरातलं हसू कमी झालं. शहर भरलं कुणामुळे, हा प्रश्न कुणी तोंडावर विचारत नव्हतं. पण आम्ही चौघं नुकतेच आलेले, आणि चार माणसं म्हणजे चार बादल्या हे कुणालाही समजतं. नळ हळू सोडायचा, भांड्यांचा आवाज होऊ द्यायचा नाही, अशी आमची चोरट्यासारखी आंघोळ चालली होती. एरवी गप्पा मारणारे घरमालकही जिन्यात भेटले तर नुसती मान हलवत.

एकदा रात्री अकराला टँकर आला. अर्धाच. खालच्या टाकीजवळ घरमालक टॉर्च आणि वही घेऊन उभे होते. त्यांच्या नव्वदीच्या आई पायरीवर बसल्या होत्या. याच अंगणात त्यांच्या लग्नाच्या वेळी विहीर होती, ती बुजवून त्यावर गाडी ठेवायची जागा केलेली. घरमालक माझ्याकडे न बघता म्हणाले, “वर एक दिवसाआड सोडू या, सार. तुम्ही चारजण आहात.” मी होय म्हणणार तोच आजी कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. तीन शब्द मला कळले. तेवढेच येत होते. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मुलाकडे बघत होत्या.

त्यांनी वही मिटली आणि वरच्या टाकीचा पंप चालू केला.