यमुनेवरून पाहिलेले आग्रा

जबलपूरच्या सराफ्यातून निघावे, वीस-बावीस किलोमीटरांवरील भेडाघाट गाठावा, संगमरवरी कड्यांमधून होडीने हिंडावे आणि परत यावे. या भागातील नौकाप्रवास एवढाच. धुवांधारचा प्रपात आणि पात्रातील खडक यांमुळे नर्मदेने या शहराला दूरच्या कोणत्याही मोठ्या नगराशी जलमार्गाने जोडले नाही. १८६७ साली अलाहाबादहून आगगाडी येईपर्यंत येथील माल खुष्कीने मिर्झापूरला जाई आणि तेथे गंगेवरील नावांत चढे. प्रवासीही बहुधा खुष्कीनेच जात. ठगांचा बीमोड करणारे स्लीमन नोव्हेंबर १८३५ मध्ये जबलपूरहून डेरेदांडे घेऊन निघाले आणि पुढील वर्षाच्या आरंभी आग्र्यास पोहोचले.

त्यांच्या आधी एकच वर्ष त्याच नगरात फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई जलमार्गाने आली होती. तिचा पती अलाहाबादेस जकात खात्यात अधिकारी होता. डिसेंबर १८३४ मध्ये पतीला घरी ठेवून ती ‘सीगल’ नावाच्या आपल्या खाजगी नौकेतून निघाली. प्रवाहाविरुद्ध जावयाचे, तेव्हा वारा पडला की खलाशांनी काठावरून दोर ओढावा, वाळूत नौका रुतली की पाण्यात उतरून ती ढकलावी. काल्पी, इटावा अशी गावे मागे टाकीत सुमारे दीड महिन्याने ही स्वारी ताजमहालापाशी आली.

आग्र्यास नदीवरून येणे ही केवळ हौस नव्हे. मोगलांचे आग्रा मुळात यमुनेकडे तोंड करून वसले होते. बाबराने बागा लावल्या त्या नदीकाठी. पुढे दोन्ही तीरांवर अमीर-उमरावांच्या हवेल्या, बागा आणि कबरी यांची रांग उभी राहिली. नूरजहानने आपल्या पित्यासाठी बांधलेली इतिमादुद्दौल्याची कबर त्याच रांगेतली. आणि ताजचा चौथराही पाण्याच्या कडेलाच उभा आहे. १६६६ साली किल्ल्यात कैदेत मरण पावलेल्या शहाजहानचा देह ताजमध्ये नेला तोही नावेतूनच. सडकेने येणाऱ्याला हे शहर पाठमोरे दिसते, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. पार्क्सबाई आली तेव्हा काठच्या हवेल्या ढासळल्या होत्या. तरीही नगराची मूळ मांडणी पाण्यावरूनच कळण्यासारखी होती. नौका हेच बिऱ्हाड असल्याने तिला कोणाच्या पाहुणचाराची घाई नव्हती. तिने ताज पुनःपुन्हा पाहिला, अकबराची सिकंदऱ्याची कबर पाहिली, फत्तेपूर सिक्री पाहिली. ताजच्या आवारात बँड लावून नाचणाऱ्या आपल्याच देशबांधवांचा तिला मनस्वी तिटकारा आला, आणि तो तिने आपल्या १८५० च्या प्रवासग्रंथात लपविला नाही.

याच १८३५ साली आग्र्याहून पुढे फत्तेगडला तिची गाठ बायजाबाई शिंदे यांच्याशी पडली. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही कन्या, दौलतराव शिंद्यांची राणी. १८२७ नंतर तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, आणि १८३३ साली दत्तकपुत्र जनकोजीरावाच्या पक्षाने तिला राज्याबाहेर घालविले. पैशाच्या व्यवहारात तिचा हात धरणारे सराफही थोडेच असतील. काशीच्या ज्ञानवापीचा स्तंभमंडप तिच्याच द्रव्याने उभा राहिला. छावणीत इंग्रज बाईचे एकांगी खोगीर पाहून मराठा स्त्रिया हसल्या. मग पार्क्सबाई मराठी पोशाख करून त्यांच्यासारखीच घोड्यावर बसली. पण गप्पा घोड्यांपुरत्याच राहिल्या नाहीत. विधवेचे जिणे आणि विलायतेतील विवाहितेचे जिणे यांची तुलनाही त्यांच्यात झाली. इंग्लंडात १८८२ चा कायदा होईपर्यंत पत्नीची मालमत्ता सामान्यतः पतीचीच मानली जाई. तेव्हा ‘सीगल’ची मालकीणही कायद्याने पार्क्सबाई नव्हती. मात्र तिचे सुकाणू कोठे वळवावे हे तीच ठरवीत होती. बायजाबाईंजवळ द्रव्य होते, चाकर होते, घोडे होते; मुक्काम हलवावयाचा तर कंपनी सरकारचा हुकूम येई.

पुढे बायजाबाईंचे डेरे अलाहाबादेस यमुनेच्या काठी पडले. पार्क्सबाई तेथेही त्यांना भेटावयास जात असे. त्या यमुनेवरूनच ग्वाल्हेरच्या बाजूला नावा जात. बायजाबाईंना मात्र तेथून पुढे दक्षिणेत नाशिकला जावे लागले. नंतर त्या ग्वाल्हेरीस परतल्या आणि १८६३ साली तेथेच निवर्तल्या.