इंजिन ऑइल, मोटारसायकलचे

चार स्ट्रोक मोटारसायकलच्या इंजिनात, तसेच बहुतेक गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये आणि क्लचमध्येही फिरणारे वंगण. लातूर जिल्ह्याच्या बोलीत ‘आईल’. घर्षण कमी करणे हे त्याचे एकच काम नव्हे. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनची उष्णता वाहून नेणे, काजळी आपल्यात विरवून ठेवणे आणि पिस्टन रिंगा व सिलिंडर यांच्यातली फट बुजवणे, हीही कामे तेच करते.

वंगण हा शब्द मोटारसायकलपेक्षा बराच जुना आहे. बैलगाडीच्या आसाला एरंडेल आणि राख यांचे काळे वंगण देत. एरंडेलाची ही परंपरा पुढे इंजिनातही आली. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेले इंजिन ऑइल काढले आणि एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्याला ‘कॅस्ट्रॉल’ म्हटले. बैलगाडीकडून एक समजूतही मोटारसायकलकडे आली आहे : वंगण जितके घट्ट, तितके चांगले.

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी गॅरेजात ती एप्रिल-मे महिन्यांत हमखास ऐकू येते. “गाडी लई गरम होऊलालीय, जरा घट्ट आईल टाका.” मग गिऱ्हाईक बाटलीतला थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळून पाहते. ही परीक्षा तीस-पस्तीस अंशांना होते, इंजिनातले ऑइल मात्र शंभर अंशांच्या आसपास काम करते. त्या तापमानाला कोणत्याही दर्जाचे ऑइल पातळच असते. किती पातळ, हे बोटाला कळत नाही. ते बाटलीवरच्या आकड्याला विचारावे लागते.

‘१०डब्ल्यू-३०’ या आकड्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेची ही प्रतवारी आहे. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा : १०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. मराठवाड्यात पारा शून्याखाली जात नाही, तेव्हा हा आकडा निरुपयोगी वाटतो, पण तसे नाही. जानेवारीच्या अखेरीस, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या उजेड गावी महात्मा गांधींची, म्हणजे ‘गांधीबाबां’ची, यात्रा भरते त्या सुमारास, पहाटे गाडीला किक मारली तर २०डब्ल्यू ऑइल १०डब्ल्यूपेक्षा उशिरा वर सिलिंडर हेडपर्यंत पोहोचते. तेवढा वेळ कॅम आणि रॉकर जवळजवळ कोरडे घासतात. दुसरा आकडा शंभर अंशांचा. तिथे ‘३०’ दर्जाच्या ऑइलची विष्यंदिता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ‘४०’ची १२.५ ते १६.३ आणि ‘५०’ची १६.३ ते २१.९. हे आकडे घट्टपणा सांगतात, प्रतिष्ठा नव्हे. पन्नास म्हणजे तिसापेक्षा वरच्या वर्गाचे ऑइल, असा त्यांचा अर्थ नाही.

कोणत्या गाडीला काय, हे ती बनवणाऱ्याने इंजिनातल्या फटी आणि ऑइल पंप पाहून ठरवलेले असते. हीरोच्या स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०, बजाज पल्सरच्या जुन्या मॉडेलांना २०डब्ल्यू-५०, रॉयल एनफील्डच्या साडेतीनशे सीसी क्लासिकला १५डब्ल्यू-५०. तिघी एकाच उन्हात, एकाच रस्त्यावर धावतात, तरी तिघींची बाटली वेगळी. स्प्लेंडरमध्ये वीस-पन्नास ओतले तर इंजिन बंद पडणार नाही, पण पंपाला ते ढकलायला जास्त जोर लागतो आणि त्याची किंमत ॲव्हरेजमध्ये मोजावी लागते. झिजून धूर ओकणाऱ्या जुन्या इंजिनात मिस्त्री एक पायरी घट्ट ऑइल टाकतो, ते ठीक आहे. मात्र तो बोअरचे काम पुढे ढकलण्याचा उपाय आहे, देखभाल नाही.

आकड्यांइतकीच महत्त्वाची, पण कमी वाचली जाणारी खूण म्हणजे ‘जासो’ या जपानी मानक संस्थेची. कारमध्ये क्लच कोरडा असतो. बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. इंधन वाचावे म्हणून कारच्या ऑइलमध्ये घर्षण घटवणारी रसायने घातलेली असतात. ती क्लच प्लेटांवर चढली की गाडी ओरडते, पण ओढत नाही. त्यावर उपाय म्हणून जपानने १९९८ मध्ये चार स्ट्रोक दुचाकींच्या ऑइलसाठी जासोचे वेगळे मानक आणले. पुरेसे घर्षण राखणारे ते ‘एमए’, त्यातही वरचे ‘एमए२’, आणि कमी घर्षणाचे ‘एमबी’. स्कूटीसारख्या स्वयंचलित गाड्यांचा क्लच ऑइलबाहेर असतो, म्हणून त्यांना एमबी चालते. काही कंपन्या आपल्या मोटारसायकलींनाही एमबीच सांगतात. तिथे पुस्तिकेचे ऐकावे, ऐकीव नियमाचे नाही. ‘एपीआय’ या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची एसजे, एसएल, एसएन ही अक्षरे पेट्रोल इंजिनाच्या ऑइलची पिढी सांगतात. पुढचे अक्षर म्हणजे नवी पिढी. क्लचबद्दल ती काही सांगत नाहीत.

या भागातला खरा मोह ट्रॅक्टरच्या ऑइलचा. गोठ्यात वीस लिटरचा डबा उघडलेला असतो, त्यात १५डब्ल्यू-४० असते आणि आकडा बरा दिसतो. पण ते डिझेल इंजिनासाठी बनवलेले असते, आणि डब्यावर जासोची खूण नसेल तर ओल्या क्लचची हमी कोणीच दिलेली नसते. सोयाबीनची दोन पोती मागे बांधून चिखलाच्या पाणंदीतून पहिल्या गिअरमध्ये निघालेल्या शंभर सीसी गाडीचा क्लच आधीच घायकुतीला आलेला असतो. हा प्रयोग तिच्यावर तरी करू नये.

दुचाकीत ऑइलची निवड करावी लागते, हेच एका पिढीला नवे होते. राजदूत, १९७२ पासून अहमदनगरला बनणारी लुना, जुन्या बजाज स्कूटर या सगळ्या दोन स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांचे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाई. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही चार स्ट्रोक गाडी आली. त्याच वर्षी औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढच्या वर्षांत ‘पेट्रोलमध्ये किती आईल टाकू?’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘आईल कधी बदलू?’ हा पुढे आला.

त्याचे उत्तर छापील आहे. स्प्लेंडरच्या पुस्तिकेत दर ६००० किलोमीटरला बदल आणि मध्ये ३००० ला टॉप-अप सांगितले आहे. मिस्त्री दोन-अडीच हजारांवरच बदलायला लावतात, आणि त्यात निव्वळ धंदा नाही. स्प्लेंडरच्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. जाळी आणि क्रँकसोबत फिरणारा एक ड्रम एवढ्यावरच गाळण्याचे काम चालते, आणि तो ड्रम क्लचचे कव्हर उघडल्याशिवाय साफ होत नाही. काळ्या रानातली धूळ, खचाखच भरलेला एअर फिल्टर, घर ते शेत अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या. अशा गाडीला पुस्तिकेच्या अर्ध्या अंतरावर नवे ऑइल देणे शहाणपणाचेच. शंभर सीसीच्या अशा इंजिनात महागडे सिंथेटिक जास्त दिवस ताणण्यापेक्षा साधे मिनरल वेळेवर बदललेले बरे.

प्रत्यक्ष बदल दहा मिनिटांचा. इंजिन कोमट करायचे, सतराच्या पान्याने खालचा ड्रेन नट सोडायचा, थेंब थांबेपर्यंत वाट पाहायची. नट आवळताना जोर केला की ॲल्युमिनियमच्या बुडातले आटे जातात आणि शंभर रुपयांचे काम हजारावर जाते. मोजणीची चूक त्याहून नेहमीची. गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी हवी. ऑइलची पातळी दाखवणारा गेज पुसून नुसता आत टेकवायचा, आटे फिरवून बसवायचा नाही. साइड स्टँडवर पाहिले की पातळी चुकते, आणि ‘कमी दिसतंय’ म्हणून लिटरभर बाटली रिकामी केली जाते. स्प्लेंडरसाठी कंपनी ९०० मिलिलिटरची बाटली विकते ती उगाच नाही. जास्त भरलेले ऑइल फेसाळते आणि ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरमध्ये येते.

ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, असे नाही. काजळी उचलणे हे त्याचे कामच आहे. दुधाळ, चहासारखे दिसले तर मात्र आत पाणी गेलेले असते. पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढल्यावर असे होते. अशी गाडी सुरू न करता आधी ऑइल काढून टाकावे.

निघालेल्या जळक्या ऑइलला गावात गिऱ्हाईक असते. गोठ्याच्या मेढींना वाळवी लागू नये म्हणून, औताच्या लोखंडाला गंज चढू नये म्हणून ते फासतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि परवानाधारक पुनर्शुद्धीकरण केंद्राकडेच द्यायचा असतो. गॅरेजच्या कोपऱ्यातला पत्र्याचा काळा डबा भरला की तो मेढींकडे जातो की भंगारवाल्याकडे, हे त्या आठवड्यात आधी कोण येते यावर ठरते.