पशुवैद्यकीय विशेषज्ञ

पशुवैद्यकीय विशेषज्ञ : पशुवैद्यकाची मूळ पदवी घेतल्यानंतर एखाद्या विद्याशाखेत, अवयवसंस्थेत किंवा प्राणिगटात पुढचे शिक्षण आणि अनुभव घेऊन मुख्यतः त्याच क्षेत्रात काम करणारा पशुवैद्यक. तालुक्याच्या दवाखान्यातला पशुवैद्यक एकाच दिवसात गाईचा कासदाह पाहतो, शेळ्यांना लस टोचतो आणि कुत्र्याच्या जखमेला टाके घालतो. गाईचे पोट चार कप्प्यांचे, घोड्याचे एकाच कप्प्याचे. माणसाला रोजचे असणारे पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते. इतक्या जातींच्या प्राण्यांचे सर्व आजार सारख्याच खोलीने जाणणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यातूनच विशेषज्ञांची गरज निर्माण झाली.

इतिहास : भारतात प्राण्याच्या जातीनुसार वैद्यक वेगळे करण्याची परंपरा जुनी आहे. अश्ववैद्यकाशी शालिहोत्राचे आणि गजवैद्यकाशी पालकाप्याचे नाव जोडलेले आहे. आधुनिक पशुवैद्यकशिक्षणाची सुरुवात क्लोद बूर्झला यांनी 1761 मध्ये फ्रान्समधील ल्यों येथे काढलेल्या शाळेपासून मानतात. 1886 मध्ये मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या सान्निध्यात ते वाढले, त्यामुळे विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी प्रत्यक्ष रुग्ण मिळू लागले. त्यापाठोपाठ 1889 मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन झाली. ती 1893 मध्ये कुमाऊँमधील मुक्तेश्वरला हलली आणि पुढे तिच्यातूनच भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था उभी राहिली. गुरांच्या बुळकांड्या रोगावरील संशोधन हे या संस्थेच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. हा रोग 2011 मध्ये जगातून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. माणसांमधील देवीनंतर समूळ नष्ट झालेला हा दुसराच रोग आहे.

भारतातील शिक्षण : बी. व्ही. एस्सी. अँड ए. एच. ही मूळ पदवी साडेपाच वर्षांची असून त्यांतले शेवटचे वर्ष आंतरवासितेचे असते. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये नोंदणी झाल्यावरच व्यवसाय करता येतो. त्यानंतर साधारण दोन वर्षांच्या एम. व्ही. एस्सी. अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी एकच विषय निवडतो आणि त्यावर प्रबंध लिहितो. शल्यचिकित्सा व क्ष-किरणशास्त्र, औषधवैद्यक, प्रजनन व प्रसूतिशास्त्र, विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परोपजीवीशास्त्र, औषधशास्त्र व विषशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, पशुपोषण, आनुवंशिकी व पैदास हे त्यांतले प्रमुख विषय. पुढे पीएच. डी. करता येते. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूर येथील महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, तर अकोल्यात पदव्युत्तर संस्था आहे.

इतर देशांतील पद्धती : अमेरिकेत विशेषज्ञ हे बिरुद विद्यापीठाच्या पदवीने नव्हे, तर त्या त्या विषयाच्या व्यावसायिक मंडळाच्या परीक्षेने मिळते. रुग्णोपचाराच्या शाखांमध्ये पदवीनंतर सहसा एक वर्षाची आंतरवासिता आणि सुमारे तीन वर्षांची निवासी उमेदवारी करावी लागते. या काळात ठरावीक संख्येने रुग्ण हाताळून त्यांची नोंदवही ठेवायची असते. परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास ‘डिप्लोमेट’ म्हणतात. विकृतिशास्त्रज्ञांचे मंडळ 1949 मध्ये, तर शल्यचिकित्सकांचे 1965 मध्ये स्थापन झाले. आज तेथे वीसहून अधिक मान्यताप्राप्त मंडळे आहेत. हृद्रोग, मज्जासंस्था, कर्करोग, नेत्ररोग, त्वचारोग, दंतवैद्यक, भूल व वेदनाशमन हे तेथील विशेष विषय. युरोपातील मंडळांमध्ये 1996 पासून एक मध्यवर्ती संस्था समन्वय ठेवते. भारतात मात्र पदव्युत्तर पदवी हीच विशेषज्ञतेची मुख्य ओळख आहे. त्यामुळे प्रबंधाइतकेच महत्त्व हाताखालून गेलेल्या रुग्णांना मिळेल, अशी निवासी उमेदवारी येथेही रुजणे गरजेचे आहे.

कार्यक्षेत्रे : (1) *प्रजनन व प्रसूती.* माजावर न येणे, वारंवार उलटणे, वार अडकणे, अंग बाहेर पडणे या तक्रारी प्रजननतज्ज्ञाकडे येतात. विण्याच्या वेळी म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडणे हा त्यांतला कसोटीचा प्रसंग. म्हैस कळा देते, पण पाणमोट दिसत नाही. तज्ज्ञ गुदमार्गातून हात घालून गर्भाशयाचे ताणलेले बंध चाचपतो आणि पीळ उजवा की डावा हे ठरवतो. ज्या बाजूला पीळ, त्याच कुशीवर म्हशीला निजवतात. तिच्या पोटावर एक लांब फळी तिरपी टेकवून फळीच्या खालच्या टोकावर एक जण उभा राहतो आणि बाकीचे पाय धरून म्हशीला पिळाच्याच दिशेने लोळवतात. फळीच्या दाबाने गर्भाशय जागच्या जागी राहते, शरीर फिरते आणि पीळ सुटतो. दिशा चुकली तर पीळ आणखी घट्ट होतो. उशीर झाला की शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते आणि रेडकू बहुधा हाती लागत नाही.

(2) *शल्यचिकित्सा.* चाऱ्याबरोबर गिळलेली तार किंवा खिळा गाईच्या जाळीपोटात रुततो आणि तेथून हृदयापर्यंत पोहोचू शकतो. अशा वेळी, तसेच शहरातील मोकाट गुरांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे साठल्यावर, डाव्या कुशीला छेद देऊन पोट रिकामे करतात. अस्थिभंग, शर्यतीच्या घोड्यांच्या पायांचे विकार आणि पाळीव प्राण्यांतील गाठी हेही शल्यचिकित्सकाचेच क्षेत्र.

(3) *रोगनिदान.* विकृतिशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि विषशास्त्रज्ञ गोठ्यात क्वचितच दिसतात, पण साथीचा उलगडा तेच करतात. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या मरू लागल्या. भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेने त्याचे कारण बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट केले. देशातील या रोगाचा तो पहिला उद्रेक होता. गिधाडे झपाट्याने का नाहीशी होत आहेत, या कोड्याचे उत्तरही शवविच्छेदनाच्या टेबलावर मिळाले. लिंडसे ओक्स या पशुवैद्यक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह 2004 मध्ये पाकिस्तानातील मृत गिधाडांवरून दाखवून दिले की, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. भारताने 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधाचे उत्पादन बंद केले.

(4) *सार्वजनिक आरोग्य.* रेबीज, ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस यांसारख्या प्राण्यांतून माणसाला होणाऱ्या रोगांवर लक्ष ठेवणे, दूध-मांसाची तपासणी करणे आणि त्यांत उतरणाऱ्या प्रतिजैविकांच्या अंशांना आळा घालणे ही कामे यात येतात.

(5) *वन्यजीव व प्राणिसंग्रहालये.* बिबट्याला बेशुद्ध करताना वजनाचा अंदाज, औषधाची मात्रा आणि उन्हाचा ताप या तिन्हींचा हिशेब चुकून चालत नाही. नागपूरजवळ गोरेवाडा येथे या विषयाचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

रुग्ण पाठवण्याची पद्धत : विशेषज्ञाचे यश बरेचसे पहिल्या दवाखान्यावर अवलंबून असते. स्थानिक पशुवैद्यकाने वेळीच चिठ्ठी दिली, आधी दिलेल्या औषधांची नोंद सोबत पाठवली आणि जनावर शक्ती शिल्लक असताना पोहोचले, तरच पुढचे ज्ञान कामी येते. आज विशेषज्ञांची सोय मुख्यतः महाविद्यालयांची रुग्णालये आणि मोठ्या शहरांतील खाजगी दवाखाने येथेच मिळते. मुंबई-पुण्यातल्या कुत्र्याला हृद्रोगतज्ज्ञ मिळू शकतो, पण ज्या म्हशीवर घर चालते तिला टेम्पोत घालून दूरवर न्यावे लागते. ही तफावत दूर करायची, तर जिल्हा पातळीवर निदान शल्यचिकित्सक, प्रजननतज्ज्ञ आणि सुसज्ज प्रयोगशाळा असायलाच हवी. तोवर पशुपालकाने आपल्या भागातील सर्वांत जवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा दूरध्वनी क्रमांक हाताशी ठेवावा आणि अडलेले जनावर तिथे पाठवण्यात एक दिवसही दवडू नये.