कुची ते अबू धाबी, व्हाया 1878

मार्च 2024. तुम्ही कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीच्या वाटेवर उभे आहात. बेदाण्याची शेडं भरलेली. हिरव्या जाळीखाली तारांच्या मजल्यांवर मणी सुकताहेत. थोडं वाकून बघा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात घड बुडवायचा, जाळीवर पसरायचा, मग पिवळा रंग धरावा म्हणून गंधकाची धुरी. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. पिंपं, कॅन, उग्र वास यांचं या भागात कुणाला नवल नाही. इथं एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या अमली पावडरीची, भट्टी लावायचं कुणाला सुचलं असेल तर ते याच वासाच्या आडोशामुळं. हा तर्क माझा, पोलिसांचा नव्हे.

मुंबई गुन्हे शाखेचं पथक याच इरळीत येतं. कुर्ल्यात पकडलेल्या थोड्याशा मालाचा माग काढत सव्वाशे किलोच्या आसपास मेफेड्रोन सापडतं, किंमत अडीचशे कोटींच्या घरात. या पावडरीचं कायद्यातलं व्यावसायिक प्रमाण आहे 50 ग्रॅम. तेवढ्यावरच दहा वर्षांची शिक्षा सुरू होते. हिशेब तुम्हीच करा. सूत्रं हलवणाऱ्यांपैकी काहीजण मात्र संयुक्त अरब अमिरातीत, इथल्या पोलिसाच्या हाताबाहेर.

पाठ फिरवा आणि चालायला लागा. आधी द्राक्षबागा जातात, मग विजेचे खांब, मग डांबर. जोंधळा तेवढा राहतो. 1881 उजाडलं.

तुम्ही आता सांगली संस्थानात आहात, कुची भागात. गादीवर धुंडिराजराव तात्यासाहेब पटवर्धन. संस्थान म्हणजे सलग मुलूख नव्हे, फुटलेल्या परातीचे तुकडे: मिरजप्रांत, कुची, मंगळवेढा, तेरदाळ, शहापूर, शिरहट्टी. मधे मिरजेची दोन संस्थानं, पलीकडे जत, वर आटपाडीला औंधचं राज्य. आणि तासगाव? ते इंग्रजांचं, सातारा जिल्ह्यातलं. आज ज्याला आपण एक सांगली जिल्हा म्हणतो, त्यात तेव्हा अर्धा डझन सरकारं नांदत होती.

तुमची गाडी तासगावच्या रोखानं निघते. ना फाटक, ना तार. एक दगड येतो, बैल त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

"काय हाय गाडीत?" झाडाखालचा शिपाई विचारतो.

"जोंधळा हाय, जमादार."

तुमच्या कनवटीला अफूची गोळी आहे, तीळ गुंडाळावेत तशी चिंधीत. ती कुणी नशेखोरानं मागवलेली नाही. भांगलणीला जाणाऱ्या बाईला तान्हं पोर दुपारभर झोपवायचंय. दगडाच्या अलीकडे नियम एकाचा, पलीकडे दुसऱ्याचा. दोन्हीकडच्या दरात चार आण्यांचा जरी फरक पडला तरी माणूस रात्रीची वाट धरतो. शिपाई पोती चाचपतो, कनवटीला हात लावत नाही. चाला पुढं.

तासगावच्या बाजारात दुकानदार अफूचा परवाना दाखवेल. त्यामागचा कायदा 1878 चा. वर्ष लक्षात ठेवा. त्याच साली हिंदुस्थानचा अफू कायदा झाला, मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा झाला आणि 26 डिसेंबरला लिस्बनमध्ये इंग्रज-पोर्तुगीज तहावर सह्या झाल्या. गोवा म्हणजे शेजारचा खरोखरचा परका देश. तहात गोव्याच्या अफूला लगाम घातला, तिथली अबकारी इंग्रजी पद्धतीच्या जवळ आणली, मिठाचा मक्ता इंग्रजांकडे गेला. बदल्यात पोर्तुगीज सरकारला सालीना चार लाख रुपये.

त्या चार लाखांशी थोडं थांबा. अमली पदार्थांवर दोन शेजारी देशांनी हातमिळवणी केली, पण गल्ल्यासाठी. मिठाची आणि अफूची चोरटी वाहतूक इंग्रजांना खुपत होती ती महसूल बुडतो म्हणून. कनवटीच्या गोळीनं गुंगलेलं पोर त्या तहाच्या एकाही कलमात नाही. अंमल सुरू झाल्यापासून बारा वर्षांनी, जानेवारी 1892 मध्ये, तह संपला. पुढं वाढवला गेला नाही.

आता पावलं जरा भरभर उचला. 8 मार्च 1948 ला सांगली संस्थान विलीन होतं आणि ते दगड नुसते दगड उरतात. 1949 मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग आणि संस्थानी तुकडे जोडून दक्षिण सातारा जिल्हा होतो, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडतं. 1985 ला अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा येतो. कुचीपासून कराडापर्यंत आणि पार काश्मीरपर्यंत एकच कायदा, हे तात्यासाहेबांना सांगून पटलं नसतं. 1988 ला व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांचा अमली तस्करीविरोधी करार, 1999 ला भारत-अमिराती प्रत्यार्पण करार. मेफेड्रोन आपल्या कायद्याच्या यादीत शिरतं ते मात्र 2015 मध्ये. ब्रिटननं त्यावर 2010 लाच बंदी घातली होती. पाच वर्षं आपण दगडाच्या चुकीच्या बाजूला होतो.

जून 2025, मुंबई विमानतळ. इंटरपोलची रेड नोटीस, सीबीआयचा पाठपुरावा, अबू धाबीच्या पोलिसांची साथ, एवढं सगळं जुळल्यावर इरळी प्रकरणातला एक आरोपी उतरवला जातो. जुलैमध्ये दुसरा. शेडपासून विमानापर्यंत सव्वा वर्षाच्या आसपास गेलं. चार लाखांच्या तहापेक्षा हे मला बरं वाटतं, कारण या वेळी माणूस हाती लागला. पण भट्ट्या थांबल्या नाहीत. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्वेच्या एमआयडीसीत एक सापडली होती, डिसेंबर 2025 मध्ये जावळी तालुक्यातल्या सावरीत आणखी एक.

आता पुन्हा इरळीच्या वाटेवर या, पण श्रावणात. जाळ्या रिकाम्या, शेडाला कुलूप. बेदाण्याचा हंगाम उन्हाळ्याबरोबर संपतो. या दिवसांत एखाद्या बंद शेडातून घसा धरणारा वास आला, रात्री पिंपं उतरताना दिसली, तर ती धुरी गंधकाची नसणार. अमली पदार्थांच्या तक्रारीसाठी केंद्राचा क्रमांक आहे 1933. नाव सांगायची गरज नाही. फोन करा.