क्लोंडाइक : सोन्याच्या शहराआधीचे गाव

#थ्रेड १/ कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉन नदीच्या काठी वसलेले डॉसन शहर १८९६ च्या उन्हाळ्यापर्यंत अस्तित्वातच नव्हते. दोनच वर्षांत ते शहर आणि भोवतालचे ओढे मिळून सुमारे ३०,००० माणसांनी गजबजले. आणखी एका वर्षात ओहोटी लागली. ही त्या शहराची आणि त्याच्यापायी उठवल्या गेलेल्या एका गावाची कहाणी.

२/ प्रथम नावाविषयी. युकॉनला जेथे एक वेगवान उपनदी मिळते, तेथे त्रोंडेक ह्वेचिन लोकांचे त्रोचेक हे मासेमारीचे गाव होते. उन्हाळ्यात सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध वर येत. त्यांना अडवण्यासाठी हे लोक दगडी हातोड्यांनी नदीच्या तळात मेखा ठोकून कुंपण घालत. त्या हातोड्यांवरूनच नदीचे नाव पडले ‘त्रोंडेक’. परक्यांच्या जिभेवर त्याचे ‘क्लोंडाइक’ झाले. सोन्याचा पर्याय बनलेला हा शब्द मुळात मासेमारीचा आहे.

३/ १६ ऑगस्ट १८९६ रोजी या नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यात चौघांना सोने सापडले : टागिश जमातीचा कीश ऊर्फ स्कूकम जिम, त्याचा भाचा चार्ली, बहीण केट आणि तिचा गोरा नवरा जॉर्ज कारमॅक. प्रथम कोणी पाहिले, याविषयी दोन परंपरा आहेत. शोधकर्त्याला मिळणारा जादा क्लेम, म्हणजे खोदकामाच्या हक्काचा पट्टा, मात्र कारमॅकच्या नावे नोंदला गेला. त्या ओढ्याचे नाव पुढे ‘बोनान्झा’ पडले.

४/ हे सोने ओढ्याच्या गाळात, तळच्या खडकालगत होते आणि वरची जमीन बारमाही गोठलेली. त्यामुळे हिवाळ्यात खाणकरी खड्ड्यात लाकडे पेटवत, वितळलेली माती उपसत, पुन्हा जाळ करत. हात-दोन हात खोलीसाठी हा क्रम दिवसेंदिवस चाले. उपसलेला ढीग वसंतात पाणी वाहू लागले की लाकडी पन्हळीतून धुतला जाई. हिवाळाभराच्या कष्टाचे फळ तेव्हा कळे.

५/ जोसेफ लदू नावाच्या व्यापाऱ्याने सोने खणलेच नाही. दोन नद्यांच्या संगमाजवळची दलदलीची सपाट जमीन त्याने आपल्या नावावर केली, लाकूड कापण्याची गिरणी आणली आणि भूखंड विकायला सुरुवात केली. भूगर्भशास्त्रज्ञ जॉर्ज डॉसन यांच्या नावावरून शहराचे नाव ठेवले. ज्याला त्याला घर हवे होते आणि घराला फळ्या. लदू श्रीमंत झाला.

६/ त्रोचेक मात्र खाणकऱ्यांच्या झोपड्यांनी व्यापले गेले. जंगल तोडले गेले, शिकार दूर पळाली. आपल्या लोकांवर होणारे परिणाम ओळखून त्यांचे प्रमुख चीफ आयझॅक यांनी १८९७ मध्ये वस्ती सुमारे ५ किलोमीटर खाली, मूसहाइड येथे हलवली.

७/ बाहेरच्या जगाला बातमी लागली ती जुलै १८९७ मध्ये. सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलच्या धक्क्यांवर सोन्याने भरलेल्या पिशव्या घेऊन खाणकरी उतरले. १८९३ च्या मंदीने अमेरिकेत असंख्य लोक बेकार झाले होते. अंदाजे १,००,००० माणसे घर सोडून निघाली. पोहोचली ती ३०,००० ते ४०,०००.

८/ वाट भीषण होती. डॉसनमध्ये उपासमार होऊ नये म्हणून कॅनडाच्या पोलिसांनी सरहद्दीवर अट घातली : प्रत्येकाजवळ वर्षभराचा शिधा हवा. अवजारांसह हे ओझे सुमारे एक टन भरे. चिलकूट खिंडीत बर्फात कोरलेल्या पायऱ्यांवरून ते पाठीवर घेऊन माणसे खेपांमागून खेपा घालत. ३ एप्रिल १८९८ रोजी हिमकडा कोसळून साठहून अधिक जण गाडले गेले. शेजारच्या व्हाइट पासमध्ये सुमारे ३,००० घोडे मेले.

९/ खिंडीपलीकडच्या सरोवरांकाठी त्यांनी झाडे तोडून नावा बांधल्या. मे १८९८ अखेर बर्फ फुटताच हजारो नावा डॉसनकडे निघाल्या. पण उत्तम ओढ्यांवरचे सगळे क्लेम आधीपासून युकॉनमध्ये असलेल्यांनी केव्हाच घेतले होते. कित्येक जण काही दिवस रस्त्यांवर भटकले, काहींनी दुसऱ्यांच्या क्लेमवर मजुरी धरली, काहींनी शिधा विकून परतीचे तिकीट काढले. सोने मिळाले ते सुमारे ४,००० जणांना.

१०/ दलदलीवरच्या शहरात सांडपाण्याची सोय नव्हती. १८९८ मध्ये विषमज्वराची साथ आली. तरीही पोलीस अधिकारी सॅम स्टील यांच्या शिस्तीत पिस्तूल बाळगण्यास मनाई होती आणि रविवारी जुगारगृहेसुद्धा बंद. बेलिंडा मलरूनी हिने येथे हॉटेल उभारून नाव कमावले. खणणाऱ्यांपेक्षा खणणाऱ्यांना माल आणि निवारा पुरवणाऱ्यांची कमाई बहुधा अधिक खात्रीची होती.

११/ एप्रिल १८९९ मधील आगीत ११७ इमारती भस्मसात झाल्या. त्याच उन्हाळ्यात अलास्कातील नोम येथे किनाऱ्यावरच्या वाळूत सोने सापडल्याचे कळले आणि हजारो लोक तिकडे धावले. उरलेले सोने मोठ्या कंपन्यांनी अजस्र ड्रेजर लावून काढले. हे काम १९६६ पर्यंत चालले. यंत्रांनी पालथ्या घातलेल्या खोऱ्यांत आजही दगडगोट्यांच्या रांगा दिसतात. १९५३ मध्ये युकॉनची राजधानीही व्हाइटहॉर्सला गेली.

१२/ सोन्याचा इतिहास बहुधा येथे संपवला जातो. परंतु आयझॅक यांनी आणखी एक गोष्ट केली होती. परक्यांच्या लोंढ्यात आपली गाणी हरवतील, हे जाणून त्यांनी ती गाणी आणि नृत्याची काठी अलास्कातील नातेवाइकांच्या स्वाधीन केली. घरात आग लागल्यावर ठेवा शेजाऱ्याकडे द्यावा, तशी.

१३/ जवळपास शंभर वर्षांनी, १९९० च्या दशकात, त्रोंडेक ह्वेचिन तरुण-तरुणींनी तीच गाणी अलास्कातील वृद्धांकडून शिकून परत आणली. १९९८ मध्ये त्यांचा कॅनडा आणि युकॉन सरकारांशी जमीन व स्वशासनाचा करार झाला. त्यात त्रोचेकची जागाही त्यांच्याकडे परतली.

१४/ २०२३ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतला, तोही ‘त्रोंडेक-क्लोंडाइक’ अशा जोडनावाने. मूळ शब्द आधी, त्याचा अपभ्रंश नंतर. मूसहाइडला दर दोन वर्षांनी मेळावा भरतो आणि ती गाणी तेथे पुन्हा गायली जातात. (समाप्त)