शर्यत नव्हे, सोबत! मरोळच्या सायकलस्वारासाठी सामूहिक फेऱ्यांची ओळख

रविवारी पहाटे मरोळ-मरोशी रस्त्यावरून आरेच्या दिशेने जाणाऱ्या सायकलींची रांग अंधेरी-पवई परिसराला आता नवीन राहिलेली नाही. या रांगेतल्या बहुतेकांना कोणतीही शर्यत जिंकायची नसते. आठवडाभर कार्यालयात आणि वाहतुकीच्या कोंडीत अडकलेले शरीर मोकळे करावे, चार माणसांच्या सोबतीने काही अंतर कापावे आणि उन्हे वर येण्यापूर्वी घरी परतावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. अशा स्वारांसाठी जगभर स्पर्धाविरहित सायकल उपक्रम भरविले जातात. त्यांचे प्रकार, नियम आणि सहभागापूर्वीची तयारी यांविषयी मात्र अनेकांच्या मनात संभ्रम असतो. 'आपण शेवटी राहिलो तर?' हा प्रश्न तर हमखास विचारला जातो.

परंपरेचा उगम

स्पर्धेविना दीर्घ पल्ला गाठण्याच्या परंपरेचे मूळ इटलीत आहे. १८९७ मध्ये काही इटालियन सायकलस्वारांनी रोम ते नेपल्स हे अंतर एका दिवसात पार केले. त्यांना 'ऑडॅक्स', म्हणजे लॅटिन भाषेत 'धाडसी', असे म्हटले गेले. १९०४ मध्ये हा प्रकार फ्रान्समध्ये आला. तेव्हाचे सर्व स्वार एका गटात, गटप्रमुखाने ठरविलेल्या एकाच वेगाने चालत. कोणी पुढे पळायचे नाही आणि कोणाला मागे टाकायचे नाही, हा त्याचा दंडक होता. पुढे १९२१ मध्ये 'ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ' या संस्थेने ज्याला त्याला आपापल्या गतीने जाण्याची मुभा देणारी पद्धत सुरू केली. आज जगभर आणि भारतातही रूढ असलेली पद्धत ही दुसरी होय.

या परंपरेचा मुकुटमणी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे १२०० किलोमीटरची फेरी. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली. आज ती दर चार वर्षांनी स्पर्धाविरहित उपक्रम म्हणून होते. २०१९ आणि २०२३ च्या फेरीत भारतीय स्वारांनी लक्षणीय संख्येने भाग घेतला. पुढील फेरी २०२७ मध्ये आहे.

उपक्रमांचे तीन प्रकार

पहिला प्रकार शहरी सायकलफेरीचा. पर्यावरण, आरोग्य किंवा एखाद्या सामाजिक कार्याच्या निमित्ताने साधारण १० ते ५० किलोमीटरची ही फेरी काढली जाते. मुंबईत पूर्वी झालेल्या 'सायक्लोथॉन'मध्ये व्यावसायिक शर्यतीच्या जोडीला सामान्य नागरिकांसाठीही फेरी ठेवण्यात आली होती. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या 'फिट इंडिया' मोहिमेअंतर्गत देशभर साप्ताहिक सायकलफेऱ्यांना प्रारंभ झाला. त्या पुढे 'संडेज ऑन सायकल' या नावाने रुजल्या. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये ३ जून हा जागतिक सायकल दिन म्हणून घोषित केल्यापासून त्या दिवशीही ठिकठिकाणी फेऱ्या निघतात. नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी.

दुसरा प्रकार महाराष्ट्राचा खास आपला आहे. तो म्हणजे सायकलवारी. नाशिकच्या सायकलस्वारांची पंढरपूरपर्यंतची वारी सर्वपरिचित आहे. पालखीसोहळ्याप्रमाणेच तिच्यात वेगाला महत्त्व नाही. मुक्काम, सोबत आणि एकमेकांची काळजी हाच तिचा गाभा.

तिसरा प्रकार 'ब्रेव्हे' अर्थात बीआरएमचा. 'ऑडॅक्स इंडिया रँडोनिअर्स' या संस्थेच्या छत्राखाली देशातील अनेक शहरांत त्या होतात. मुंबईच्या ब्रेव्हेंसाठी मुंबई-अहमदाबाद आणि मुंबई-नाशिक हे महामार्ग वापरले जातात.

ब्रेव्हेचे गणित

ब्रेव्हेत क्रमांक नसतो, कालमर्यादा मात्र असते. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ४०० साठी २७ तास आणि ६०० किलोमीटरसाठी ४० तास मिळतात. एकाच हंगामात, म्हणजे १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात, हे चारही पल्ले पूर्ण करणाऱ्यास 'सुपर रँडोनिअर' म्हणतात.

वाटेतील नियंत्रण केंद्रांवर ठरलेल्या वेळेत पोहोचल्याची नोंद करावी लागते. गंमत म्हणजे फार लवकर पोहोचूनही चालत नाही. २०० किलोमीटरचे अंतिम केंद्र सुरुवातीनंतर ५ तास ५३ मिनिटांनी उघडते. अतिवेगाला येथे बक्षीस नाही, हेच या नियमातून स्पष्ट होते. पाच तास उरवून आलेला आणि पाच मिनिटे उरवून आलेला, दोघांनाही सारखीच मान्यता मिळते.

कालमर्यादेनुसार २०० किलोमीटरसाठी सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरपेक्षा किंचित कमी पडतो. तो सोपा वाटतो, पण घड्याळ थांब्यांवरही चालूच असते. १५-१५ मिनिटांचे सहा थांबे घेतले तर दीड तास तेथेच संपतो. उरलेल्या १२ तासांत ताशी सुमारे १७ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. त्यात एखादे पंक्चर आणि दुपारचे समोरून येणारे वारे धरल्यास हिशेब आणखी घट्ट होतो. 'गप्पा मारत जाऊ' म्हणणाऱ्याने गप्पांसाठी सायकल चालवतानाचा वेळ वापरावा, चहाच्या टपरीवरचा नव्हे, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

ब्रेव्हे स्वावलंबी असते. मदतीची गाडी मागे ठेवता येत नाही आणि बाहेरची मदत केवळ नियंत्रण केंद्रांवरच चालते. रात्रीच्या प्रवासात पुढील-मागील दिवे आणि प्रकाश परावर्तित करणारे जाकीट अनिवार्य असते. हेल्मेटविना प्रारंभरेषेवर उभेच राहू दिले जात नाही.

मरोळहून तयारी

मरोळच्या रहिवाशाला सरावासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मरोशीमार्गे आरे वसाहतीत शिरल्यास चढ-उतारांचा रस्ता आणि झाडांची सावली मिळते. १९४९ मध्ये वसविलेल्या या दुग्धवसाहतीत बिबट्यांचा वावर आहे. त्यामुळे तेथे अंधारात एकट्याने न जाता उजाडल्यावर आणि गटानेच जावे. रस्त्यावरील खड्डे आणि भरधाव वाहने यांचेही भान हवे. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हा दुसरा पर्याय. आत कान्हेरी लेण्यांकडे जाणारा चढ पायांची चांगली परीक्षा घेतो.

लांबच्या प्रारंभस्थळी पोहोचण्यासाठी मेट्रोचाही उपयोग होऊ शकतो. मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवर २०२२ मध्ये सायकल सोबत नेण्यास मुभा देण्यात आली. मरोळला जवळचे पडणारे मेट्रो ७ चे गुंदवली स्थानक जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. मात्र अनेक फेऱ्या पहिल्या मेट्रोच्या आधीच निघतात, हे लक्षात घेऊन आदल्या दिवशीच प्रवासाची आखणी करावी.

सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा. आठवड्यातून दोन-तीनदा तासभर आणि रविवारी लांब पल्ला, हे प्रमाण नोकरदाराला झेपते. थांबे धरूनही ५० किलोमीटर सहज होऊ लागल्यावर १०० किलोमीटरचा विचार करावा आणि तो एक-दोनदा पार पडल्यानंतरच २०० ची नावनोंदणी करावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय दीर्घ पल्ल्याकडे वळू नये.

सायकल महागडीच हवी हा गैरसमज आहे. ब्रेक पक्के, चाके सरळ, टायर सुस्थितीत आणि आसनाची उंची योग्य असेल तर साधी गिअरची सायकलही पुरते. सोबत एक-दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, पंप, पाण्याच्या दोन बाटल्या, ओळखपत्र आणि थोडी रोख रक्कम असावी. मुंबईच्या दमट हवेत घामावाटे पाण्याबरोबर क्षारही जातात. म्हणून नुसते पाणी न पिता त्यात मीठ-साखर-लिंबू घालावे. केळी, चिक्की यांसारखे पदार्थ भूक लागण्यापूर्वीच थोडे थोडे खावेत.

गटात चालण्याचे संकेत

गटात चालणारा स्वार एकमेकांचे डोळे आणि कान असतो. पुढच्याने खड्डा हाताने दाखवावा, थांबण्यापूर्वी हात वर करावा आणि मागच्याने मोठे वाहन येत असल्याची सूचना पुढे पोहोचवावी. अचानक ब्रेक लावू नये. पुढच्या चाकाला आपले चाक भिडेल इतक्या जवळून जाऊ नये. वर्दळीच्या रस्त्यावर एकामागोमाग एक चालावे. थांबल्यावर सायकल रस्त्याच्या पूर्णपणे बाहेर घ्यावी. कानात गाणी लावणे म्हणजे सोबत्यांचा इशारा स्वतःहून नाकारणे होय.

खरी जोखीम

या छंदातली खरी भीती शेवटी राहण्याची नसून रस्त्याची आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला. तेही त्या वेळी इतर सायकलस्वारांसोबतच होते. मुंबईत सायकलींसाठी सलग, सुरक्षित मार्गांचे जाळे नाही. पवई तलावाकाठचा नियोजित सायकलमार्ग पर्यावरणाच्या कारणावरून वादग्रस्त ठरला आणि मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरविला. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे.

म्हणूनच नावनोंदणीपूर्वी आयोजकाला काही प्रश्न विचारावेत. पोलिसांची परवानगी घेतली आहे काय? रुग्णवाहिका व प्रथमोपचाराची व्यवस्था कोठे आहे? सर्वांत मागे राहणाऱ्यासोबत कोणी स्वयंसेवक असतो काय? अपघात विमा शुल्कात समाविष्ट आहे काय? ब्रेव्हेत यातील काही सोयी नसतात आणि तशी पूर्वकल्पना नियमावलीत दिलेली असते. पण शहरी फेरीच्या आयोजकाला याची उत्तरे देता येत नसतील, तर तेथे न जाणेच श्रेयस्कर.

परत फिरण्याचा निर्णय

थकवा, चक्कर, छातीत दुखणे किंवा रात्रीची झोप अनावर होणे यांपैकी काहीही जाणवल्यास फेरी तेथेच सोडावी आणि तसे आयोजकांना कळवावे. न कळविल्यास स्वयंसेवक अंधारात शोध घेत राहतात. अर्ध्यावर थांबलेल्याची येथे कोणी हेटाळणी करीत नाही, कारण येथे हरणे-जिंकणेच नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा फेरी असते, आणि रविवारी आरेच्या रस्त्यावर सोबतीही असतात. त्यांच्यापर्यंत सुखरूप पोहोचणे, हाच या उपक्रमांतला खरा पल्ला.